कलावंताचे स्वातंत्र्य आणि पॉल रॉबसन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

'स्वतंत्र कलावंत' हा शब्दप्रयोग अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी नाही, जो कोणाच्या पगारावर नाही, जो कोणत्याही विचाराचे वा चळवळीचे नाव उच्चारीत नाही, तो स्वतंत्र, अशी समजूत रूढ झालेली आहे. परंतु ज्या समाजात सभागृहाचे भाडे, ध्वनिमुद्रिकेचा कारखाना, वृत्तपत्रातील परीक्षण आणि तिकिटाची खिडकी ही सारी मूठभर मालकांच्या हाती असतात, त्या समाजात कोणाशीही बांधला न गेलेला कलावंत प्रत्यक्षात शोधूनही सापडत नाही. तो कोणाशी तरी बांधलेला असतोच. प्रश्न एवढाच असतो, की ही बांधिलकी त्याने स्वतः निवडलेली आहे, की ती त्याच्यावर लादली गेली आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

या प्रश्नाचे उत्तर आयुष्याने देणारा गायक म्हणून पॉल रॉबसन यांच्याकडे पाहावे लागते. सचोटी, मैत्री आणि ध्येय या तीन गोष्टींबद्दल त्यांनी भाषणांतून आणि लेखनातून पुष्कळ सांगितले. पण त्याहून अधिक त्यांच्या वागण्याने सांगितले. त्यांच्या थोरवीचे गोडवे गाणे सोपे आहे. त्यांनी कोणती किंमत दिली, कोठे चूक केली, कोठे मौन पाळले, आणि त्या मौनाचा हिशेब आज कसा मांडावयाचा, हे पाहणे अधिक अवघड आणि अधिक उपयुक्त आहे.

गुलामाचा मुलगा

रॉबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन येथे झाला. त्यांचे वडील विल्यम ड्र्यू रॉबसन हे जन्माने गुलाम. नॉर्थ कॅरोलिनातील मळ्यावरून पंधराव्या वर्षी ते पळाले, पुढे शिकले आणि धर्मोपदेशक झाले. प्रिन्स्टनच्या चर्चमधील जागा १९०१ मध्ये त्यांच्या हातून गेली. लोकांच्या घरची राख गाडीने वाहून नेण्याचे काम त्यांनी पत्करले. पण ज्यांनी हा अपमान केला त्यांच्यापुढे ते वाकले नाहीत. पॉल सहाव्या वर्षात असताना त्यांची आई घरातील शेगडीच्या आगीत भाजून मरण पावली. आपल्या साऱ्या आयुष्याचे सूत्र आपल्याला वडिलांकडून मिळाले, असे रॉबसन सांगत. ते सूत्र म्हणजे आपल्या मताशी प्रामाणिक राहणे. यशाची मोजपट्टी पैसा नसून माणसाची आतली वाढ आहे, ही शिकवण त्या राख वाहणाऱ्या माणसाने मुलाला दिली.

रटगर्स महाविद्यालयात ते शिष्यवृत्ती मिळवून गेले. फुटबॉलच्या संघात या काळ्या मुलाचा शिरकाव होऊ नये म्हणून पहिल्याच सरावात गोऱ्या खेळाडूंनी त्यांचे नाक फोडले. तरीही १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची गणना झाली. १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण ज्या कचेरीत काम मिळाले तेथील लघुलेखिकेने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घेण्यास नकार दिला. रॉबसन यांनी ती कचेरी आणि तो व्यवसायही सोडला. पुढे रंगभूमी आणि गायन हे त्यांचे क्षेत्र झाले.

गाण्याची निवड

१९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज थिएटरमध्ये रॉबसन यांनी पियानोवादक लॉरेन्स ब्राऊन यांच्या साथीने एक कार्यक्रम केला. त्यात आरंभापासून अखेरपर्यंत केवळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची भक्तिगीते आणि लोकगीते होती. या घटनेचे महत्त्व नीट ध्यानी घेतले पाहिजे. त्या काळी सभ्य गोऱ्या श्रोत्यांसमोर उभा राहणारा गायक युरोपीय ऑपेरातील रचना गाऊन आपली लायकी सिद्ध करी आणि शेवटी चवीपुरती एखाददुसरी 'गुलामांची गाणी' म्हणे. रॉबसन यांनी हा क्रमच नाकारला. मळ्यांवर राबणाऱ्या माणसांनी चाबकाच्या छायेत जे रचले, तेच संपूर्ण मैफिलीचे द्रव्य होऊ शकते, त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही, असे त्यांनी गाऊन दाखविले. लॉरेन्स ब्राऊन यांची साथ पुढे जवळजवळ चार दशके टिकली. रॉबसन यांच्या आयुष्यातील ही पहिली मोठी मैत्री. आणि ती कामातून जन्मलेली होती, हे विशेष.

पुढील काही वर्षांत लंडनमध्ये त्यांना अमाप कीर्ती मिळाली. १९२८ मध्ये 'शो बोट' आणि १९३० मध्ये 'ऑथेल्लो' यांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत त्यांनी आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. रशियन, चिनी, यिद्दिश, स्पॅनिश अशा अनेक भाषांतील लोकगीते ते त्या त्या भाषेत गाऊ लागले. जगातील निरनिराळ्या जनतेच्या लोकसंगीतात पाच स्वरांची चौकट पुन्हा पुन्हा आढळते, हे त्यांचे निरीक्षण होते आणि ते त्यांनी पुढे सिद्धांतरूपाने मांडलेही. वेगवेगळ्या देशांतील श्रमिक एकमेकांचे भाऊ आहेत, हे वाक्य राजकीय सभांत सहज उच्चारले जाते. रॉबसन यांना त्याचा आधार स्वरांतच सापडला होता.

चूक आणि तिची दुरुस्ती

सचोटी म्हणजे कधीही न चुकणे, असा अर्थ घेतला तर या जगात कोणीच सचोटीचा ठरणार नाही. १९३५ साली 'सँडर्स ऑफ द रिव्हर' या ब्रिटिश चित्रपटात रॉबसन यांनी एका आफ्रिकी मुखियाची भूमिका केली. आफ्रिकेचे संगीत आणि संस्कृती यांचे आदराने दर्शन घडेल, या अपेक्षेने ते त्यात उतरले होते. पडद्यावर जे आले ते वेगळेच होते. गोऱ्या अधिकाऱ्याच्या छत्राखाली सुखाने नांदणारे काळे लोक, अशी ब्रिटिश साम्राज्याची ती आरती होती. रॉबसन यांनी त्या चित्रपटाशी असलेले आपले नाते जाहीरपणे तोडले. पुढे १९४२ मध्ये हॉलिवूडच्या 'टेल्स ऑफ मॅनहटन'मध्येही कृष्णवर्णीयांचे भोळसट आणि अपमानकारक चित्रण झाले, तेव्हा त्यांनी हॉलिवूडलाच रामराम ठोकला.

'शो बोट'मधील त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचेही तसेच झाले. मूळ गीतातील माणूस थकलेला, हार मानलेला आहे. श्रोत्यांना तेच हवे होते आणि त्यासाठी ते पैसे मोजीत होते. रॉबसन यांनी हळूहळू त्यातील शब्द बदलले आणि त्याच चालीत झुंजण्याचा निर्धार भरला. गाणे तेच राहिले, पण गाणारा माणूस आता वाकलेला नव्हता. ज्या गाण्याने आपल्याला पैसा आणि कीर्ती दिली त्यालाच दुरुस्त करण्याचे धैर्य किती कलावंतांपाशी असते?

याच काळात त्यांनी आणखी एक निवड केली. १९३८ मध्ये लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवरील कामाऐवजी 'युनिटी थिएटर' या कामगारांच्या हौशी नाट्यसंस्थेत त्यांनी विनामोबदला भूमिका केली. त्याआधी २४ जून १९३७ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये, स्पेनमधील निर्वासित मुलांच्या मदतीसाठी भरलेल्या सभेत, त्यांनी कलावंताला बाजू घ्यावीच लागते, स्वातंत्र्य आणि गुलामी यांच्यामध्ये उभे राहण्यासाठी जागाच नाही, असे सांगितले होते. जानेवारी १९३८ मध्ये ते स्वतः स्पेनला गेले आणि फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय दलांच्या सैनिकांसमोर गायले.

बाजाराची दारे बंद झाली तेव्हा

१९४३ मध्ये ब्रॉडवेवर सुरू झालेल्या 'ऑथेल्लो'चे २९६ प्रयोग झाले. त्या सुमारास रॉबसन हे अमेरिकेतील सर्वाधिक मिळकत असलेल्या गायकांपैकी एक होते. १९४६ मध्ये युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीयांच्या जमावाकडून हत्या होऊ लागल्या, तेव्हा ते शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना भेटले आणि रोखठोक बोलले. जानेवारी १९४७ मध्ये सेंट लुई येथे त्यांनी जाहीर केले, की नित्याच्या मैफिली बाजूला ठेवून आपण वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यासाठी गाणार.

सत्तेने याचे उत्तर लवकरच दिले. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेतील त्यांच्या भाषणाचा विपर्यास करून अमेरिकन वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरविले. २७ ऑगस्ट १९४९ रोजी न्यूयॉर्कजवळ पीकस्किल येथे त्यांचा कार्यक्रम गुंडांनी उधळून लावला. आठ दिवसांनी, ४ सप्टेंबरला, तो पुन्हा ठरला. सुमारे वीस हजार लोक आले. कामगार संघटनांच्या सभासदांनी मैदानाभोवती मानवी तटबंदी उभारली. गोळी आली तर ती आधी आपल्याला लागावी, म्हणून रॉबसन यांच्या मागे आणि बाजूंना माणसे उभी राहिली आणि रॉबसन गायले. परतणाऱ्या मोटारींवर मात्र रस्त्याच्या दोन्ही कडांनी दगडांचा वर्षाव झाला आणि १४० हून अधिक माणसे जखमी झाली. त्या दिवशी गायलेले पीट सीगर यांनी आपल्या मोटारीत आलेले दगड जपून ठेवले आणि घराच्या धुराड्याच्या बांधकामात बसविले.

१९५० मध्ये सरकारने रॉबसन यांचे पारपत्र रद्द केले. नंतर न्यायालयापुढे सरकारी पक्षाने जी कारणे दिली, त्यांत आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी ते वर्षानुवर्षे सक्रिय आहेत, हेही एक कारण होते! परदेशचा मार्ग बंद. देशात सभागृहे बंद, नभोवाणी बंद, ध्वनिमुद्रिका कंपन्यांची दारे बंद. लाखाच्या घरातील वार्षिक उत्पन्न काही हजार डॉलरांवर आले. फुटबॉलच्या जुन्या याद्यांतूनही त्यांचे नाव पुसण्यात आले.

आणि येथे 'स्वतंत्र संगीतकार' या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. १९५३ मध्ये रॉबसन यांनी मुलाच्या आणि काही मित्रांच्या साहाय्याने 'ऑथेल्लो रेकॉर्डिंग कंपनी' नावाची स्वतःची छोटी संस्था काढली. तिने काढलेल्या ध्वनिमुद्रिका दुकानदार ठेवीत नसत. त्या खपल्या त्या कामगार संघटना, कृष्णवर्णीयांची चर्चे आणि पुरोगामी मंडळे यांच्यामार्फत. हार्लेममधील ज्या चर्चचे उपदेशक त्यांचे बंधू बेन होते, ते चर्च त्यांच्या आवाजासाठी सदैव उघडे राहिले. बाजारातून हाकललेल्या गायकाला ज्यांनी उभे केले ते त्याचे श्रोते होते, आणि हे श्रोते संघटित होते. विखुरलेल्या चाहत्यांची गर्दी, ती कितीही मोठी असली तरी, एका सरकारी आदेशासरशी पांगते. संघटित माणसे पांगत नाहीत.

याचा दाखला १९५२ मध्ये मिळाला. खाण आणि धातुकामगारांच्या संघटनेने रॉबसन यांना कॅनडात व्हँकूव्हरच्या अधिवेशनाला बोलाविले. कॅनडात जाण्यास अमेरिकन नागरिकाला पारपत्र लागत नसे. तरीही सीमेवर त्यांना अडविण्यात आले. तेव्हा ते दूरध्वनीवरून अधिवेशनासाठी गायले. पुढे १८ मे १९५२ रोजी दोन देशांच्या सीमेवरील पीस आर्च उद्यानात संघटनेने सभा भरविली. रॉबसन अमेरिकेच्या भूमीवर एका मालमोटारीच्या उघड्या पाठीवर उभे राहिले आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना जमलेल्या हजारोंच्या समुदायासाठी गायले. शरीर सीमेच्या आत होते. आवाजाला मात्र कोणी पारपत्र विचारू शकले नाही.

मैत्रीची कसोटी

रॉबसन यांच्या मैत्रीच्या कल्पनेत व्यक्ती आणि समुदाय वेगळे नव्हते. वेल्सच्या खाणकामगारांशी जडलेले त्यांचे नाते याची साक्ष देते. १९२९ च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर गात चाललेल्या बेकार वेल्श खाणकामगारांच्या मोर्चात ते सामील झाले, तेथून हे नाते सुरू झाले. सप्टेंबर १९३४ मध्ये ग्रेसफर्डच्या खाणीत स्फोट होऊन २६६ माणसे मरण पावली, तेव्हा त्याच सुमारास वेल्समध्ये झालेल्या आपल्या कार्यक्रमाची बिदागी त्यांनी मृतांच्या कुटुंबांना दिली. ७ डिसेंबर १९३८ रोजी माउंटन ॲश येथे स्पेनमध्ये पडलेल्या ३३ वेल्श स्वयंसेवकांच्या स्मृतिसभेत ते गायले. १९४० मध्ये 'द प्राउड व्हॅली' या चित्रपटात त्यांनी वेल्श खाणीतील कामगाराची भूमिका केली.

या मैत्रीची परतफेड सतरा वर्षांनी झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात पोर्थकॉल येथे खाणकामगारांचा संगीतोत्सव भरला. रॉबसन न्यूयॉर्कमध्ये अडकलेले होते. आदल्याच वर्षी अटलांटिकच्या तळाशी टाकलेली दूरध्वनीची नवी तार सुरू झाली होती. तिच्यावरून त्यांचा आवाज पोर्थकॉलच्या सभामंडपात पोहोचला. कामगार नेते विल पेंटर यांनी त्यांचे स्वागत केले, रॉबसन गायले, आणि सुमारे पाच हजार श्रोत्यांनी वेल्श भाषेत गाऊन त्यांना उत्तर दिले. या सभा नुसत्या भावनेच्या नव्हत्या. पारपत्र परत मिळावे म्हणून ब्रिटनमध्ये चाललेल्या चळवळीचा तो एक भाग होता. मैत्रीला येथे कार्यक्रम होता, समिती होती, ठराव होते.

व्यक्तिगत मैत्रीतही रॉबसन यांनी तत्त्व सोडले नाही आणि माणूसही सोडला नाही. बेसबॉलमधील वर्णबंदी उठावी म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये ते संघमालकांपुढे बोलले होते. ती बंदी मोडून १९४७ मध्ये खेळात आलेले जॅकी रॉबिन्सन यांनाच जुलै १९४९ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशी समितीने रॉबसन यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी उभे केले. रॉबसन यांनी त्यांच्यावर एकही उलट वार केला नाही. दोन काळ्या माणसांची झुंज लावून गोऱ्या प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्या, हा खेळ आपण खेळणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सन यांनी, आज तसे बोलावणे आले तर आपण ते नाकारू, असे लिहून रॉबसन यांच्याविषयी आदर व्यक्त केला.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण जवाहरलाल नेहरूंचे आहे. १९३८ मध्ये लंडनला इंडिया लीगने भरविलेल्या नेहरूंच्या स्वागतसभेत रॉबसन बोलले होते आणि दोन्ही कुटुंबांचा स्नेह जुळला होता. १९४९ च्या ऑक्टोबरात नेहरू पंतप्रधान म्हणून अमेरिकेत आले. त्या वेळी भारतात कम्युनिस्टांची मोठ्या प्रमाणावर धरपकड चालू होती. तिच्या निषेधार्थ रॉबसन यांनी नेहरूंना भेटण्याचे नाकारले. स्वतःचे सारे जग आकसत चालले असताना, एका देशाच्या पंतप्रधानाची मैत्री ही केवढी ढाल ठरली असती! ती त्यांनी बाजूला ठेवली, कारण ज्यांना ते कधी भेटलेही नव्हते असे भारतीय बंदी तुरुंगात होते.

या प्रकरणाचा उत्तरार्धही तितकाच मोलाचा आहे. ९ एप्रिल १९५८ रोजी रॉबसन साठ वर्षांचे झाले, तेव्हा त्यांच्या सन्मानासाठी भारतात अखिल भारतीय समिती स्थापन झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला तिचे अध्यक्ष होते. हा समारंभ होऊ नये म्हणून अमेरिकन मुत्सद्द्यांनी खटपट केली. पण नेहरूंनी जाहीर पाठिंबा दिला. रॉबसन हे केवळ थोर कलावंत नाहीत, तर मानवी प्रतिष्ठेच्या ज्या ध्येयाचे ते प्रतिनिधी आहेत त्यासाठी त्यांनी सोसले आहे, असा नेहरूंच्या निवेदनाचा आशय होता. नऊ वर्षांपूर्वीच्या नकाराने ती मैत्री मोडली नव्हती. खुशामतीवर उभा राहिलेला स्नेह पहिल्या नकारासरशी कोसळतो. परस्परांच्या सचोटीवर उभा राहिलेला स्नेह नकार पचवितो.

भारतातील गायकांवरही रॉबसन यांचा ठसा खोल आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना भूपेन हजारिका यांचा रॉबसन यांच्याशी परिचय झाला. त्यांचे ब्रह्मपुत्रेवरील प्रसिद्ध गीत रॉबसन यांच्या मिसिसिपीवरील गाण्यापासून स्फूर्ती घेऊन आलेले आहे.

मौनाचा हिशेब

आता त्या अवघड भागाकडे वळले पाहिजे. तो टाळून रॉबसन यांच्याबद्दल बोलणे हे त्यांच्याच सचोटीला न शोभणारे होईल.

जून १९४९ मध्ये रॉबसन मॉस्कोला गेले. यिद्दिश रंगभूमीचे थोर नट सोलोमन मिखोएल्स आणि कवी इत्सिक फेफर हे दोघे १९४३ मध्ये फॅसिझमविरोधी प्रचारासाठी अमेरिकेत आले असताना त्यांचे मित्र झाले होते. मिखोएल्स जानेवारी १९४८ मध्ये मरण पावले होते. तो अपघात होता, असे तेव्हा सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो राज्ययंत्रणेने घडवून आणलेला खून होता. फेफर कोठे दिसत नव्हते. रॉबसन यांनी त्यांना भेटण्याचा आग्रह धरला, तेव्हा फेफर यांना तुरुंगातून त्यांच्या हॉटेलातील खोलीवर आणण्यात आले. पॉल रॉबसन ज्युनियर यांनी पुढे सांगितलेल्या वृत्तांतानुसार, खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रे असल्याने फेफर तोंडाने इकडचे तिकडचे बोलले आणि हाताच्या खुणांनी खरी हकीकत सांगितली.

१४ जूनच्या मैफिलीत, चायकोव्हस्की सभागृहात, रॉबसन यांनी मिखोएल्स आणि फेफर यांच्याशी असलेल्या मैत्रीचा जाहीर उल्लेख केला आणि अखेरीस वॉर्सा येथील ज्यू वस्तीतील बंडखोरांशी निगडित यिद्दिश लढाऊ गीत गायले. त्या सभागृहातील श्रोत्यांना त्याचा अर्थ पुरेपूर कळला. परंतु अमेरिकेत परतल्यावर वृत्तपत्रांनी सोव्हिएत संघातील ज्यूंच्या छळाबद्दल विचारले, तेव्हा असे काही आढळले नाही, असे त्यांनी सांगितले. १२ ऑगस्ट १९५२ रोजी फेफर यांना गोळ्या घालण्यात आल्या.

हे मौन कशामुळे? देशात परतताच पीकस्किलचे दगड त्यांची वाट पाहत होते. बोललेला प्रत्येक शब्द शीतयुद्धाच्या चुलीत सरपण म्हणून घातला गेला असता. ज्या देशाने फॅसिझमचा पराभव करण्यासाठी अपार रक्त सांडले आणि जेथे आपल्याला प्रथमच पूर्ण माणूस म्हणून वागविले गेले असे त्यांना वाटले, त्या देशाच्या शत्रूंच्या हाती शस्त्र द्यावयाचे नाही, असा त्यांचा निर्णय होता. हे कारण समजून घेता येते. पण कारण समजले म्हणून किंमत कमी होत नाही. ती किंमत एका मित्राच्या आणि त्याच्यासारख्या अनेक निरपराध माणसांच्या नावे मांडावी लागते. १९५६ च्या विसाव्या काँग्रेसनंतर व्यक्तिपूजेच्या काळातील गुन्हे उघडकीस आले, तेव्हाही रॉबसन त्याविषयी जाहीरपणे बोलले नाहीत.

यातून रॉबसन यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हात झटकणे सोपे आहे, आणि त्यांच्या टीकाकारांनी आजवर तेच केले. त्या टीकाकारांनी ट्रूमन यांच्या काळातील झुंडबळींबद्दल किती वेळा तोंड उघडले, हे विचारणे रास्तच आहे. परंतु चळवळीने स्वतःला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. आपल्या सर्वांत निष्ठावान कलावंताला मित्राचे प्राण आणि चळवळीची निष्ठा यांतून एकाची निवड करावी लागावी, ही परिस्थिती कोणी निर्माण केली? ज्या संघटनेत सत्य बोलणे म्हणजे शत्रूला मदत करणे ठरते, ती संघटना आपल्या सर्वांत प्रामाणिक माणसांवरच सर्वांत मोठा भार टाकते. रॉबसन यांनी सत्य सांगण्यासाठी मॉस्कोत एक गाणे निवडले. गाण्याने जे सांगावे लागले, ते साध्या वाक्यात सांगता आले असते, तर समाजवादाचे त्यात भलेच झाले असते.

ध्येय

१२ जून १९५६ रोजी रॉबसन यांना अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशी समितीपुढे उभे करण्यात आले. पक्षाचे सभासद आहात काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यांनी घटनेच्या आधारे नकार दिला. कारण कोणत्याही नागरिकाला त्याच्या मताबद्दल असा प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारला नाही, ही त्यांची भूमिका होती. त्याच कारणास्तव पारपत्रासाठी मागितलेले, आपण कम्युनिस्ट नाही असे प्रतिज्ञापत्रही त्यांनी दिले नाही. रशिया इतका आवडतो तर तेथेच का राहिला नाहीत, असे समितीने विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की आपले वडील गुलाम होते, हा देश उभारताना आपल्या लोकांनी प्राण दिले, म्हणून आपण येथेच राहणार आणि या देशावरचा आपला वाटा मागणार. कोणताही फॅसिस्ट विचाराचा माणूस आपल्याला येथून हुसकावू शकणार नाही.

१९५८ मध्ये त्यांनी 'हिअर आय स्टँड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. मोठ्या वृत्तपत्रांनी त्याची दखलही घेतली नाही. कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेतृत्व कृष्णवर्णीयांनीच करावे, गोऱ्या मित्रांचे साहाय्य जरूर घ्यावे पण त्यांच्या परवानगीची वाट पाहू नये, आणि संघटित जनतेची कृती हेच खरे बळ मानावे, असे प्रतिपादन त्यात आहे. पुढल्या दशकातील नागरी हक्कांच्या लढ्याने हाच मार्ग चोखाळला.

१६ जून १९५८ रोजी चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मतांच्या कारणावरून पारपत्र नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्याला नाही. रॉबसन यांचा मार्ग मोकळा झाला. ९ नोव्हेंबर १९६० रोजी सिडनी येथे बांधकाम चालू असलेल्या ऑपेरागृहाच्या परातींवर बसलेल्या कामगारांसमोर ते गायले. त्या जगप्रसिद्ध वास्तूत पुढे अनेक नामांकितांनी गायन केले. पण ज्या हातांनी ती उभारली त्यांच्यासाठी तेथे आधी रॉबसन गायले होते.

१९६१ पासून त्यांची प्रकृती ढासळली. एका दशकाच्या छळाचा घाव शरीराबरोबर मनावरही झाला होता. १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेत परतले आणि शेवटची वर्षे फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी राहिले. १५ एप्रिल १९७३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या पंचाहत्तरीचा समारंभ झाला. तेथे ते जाऊ शकले नाहीत. त्यांनी पाठविलेल्या ध्वनिमुद्रित संदेशात, स्वातंत्र्य, शांतता आणि बंधुत्व यांच्या कार्याला आपण पूर्वीइतकेच वाहिलेले आहोत, असा निर्वाळा होता. २३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

कॉम्रेड्स, या जीवनातून सांस्कृतिक आघाडीवर काम करणाऱ्यांनी तीन गोष्टी घ्यावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट कलावंतासाठी. सचोटी ही एकदाच घ्यावयाची शपथ नाही. ती दर कार्यक्रमाला, दर करारपत्राला, गाण्यातील दर शब्दाला नव्याने पाळावी लागते. चुकीच्या चित्रपटात काम केले तर ते चुकले असे म्हणता आले पाहिजे, आणि गाजलेल्या गाण्यातील शब्द खोटे वाटू लागले तर ते बदलता आले पाहिजेत.

दुसरी गोष्ट श्रोत्यांसाठी, म्हणजे संघटित कष्टकऱ्यांसाठी. कलावंताचे स्वातंत्र्य हा एकट्या कलावंताने पेलावयाचा भार नाही. सीमेवर मालमोटार उभी करणारी, दूरध्वनीची तार जोडून घेणारी, दुकानांनी नाकारलेल्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचविणारी माणसे नसती, तर रॉबसन यांची सचोटी खोलीत कोंडून मेली असती. सभेच्या आरंभी गर्दी जमविण्यासाठी शाहिराला बोलवावयाचे, भाषणे सुरू होताच त्याला खाली उतरवावयाचे आणि तो आजारी पडला की विसरून जावयाचे, ही रीत जेथे जेथे असेल तेथे ती मोडली पाहिजे.

तिसरी गोष्ट संघटनेसाठी, आणि ती सर्वांत कठीण. कलावंताकडे निष्ठा मागणाऱ्या संघटनेने त्याच्याकडून मौन मागता कामा नये. त्याने नेहरूंना नकार दिला तेव्हा आपल्याला अभिमान वाटतो. तसाच नकार त्याने आपल्याला दिला, तर तो ऐकून घेण्याचे बळ आपल्या अंगी आहे काय? ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे 'आहे' असे देता येईल, त्या दिवशी इत्सिक फेफर यांचेही काही ऋण फिटेल.